मिक्सर ते स्पीकर : देवळातल्या भजनात आवाज नेमका अडतो कुठे?

वाळवंटीकाठ

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली, गावच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. आत्तापर्यंत सप्ताहाला साऊंडवाला बाहेरून यायचा, यंदा सगळ्याजणींनी वर्गणी काढून मंडळाचं स्वतःचं सामान घेतलंय, आठ चॅनलचा छोटा मिक्सर, स्टँडवरचे दोन पॉवर्ड स्पीकर (आवाज वाढवणारा अँप आतच असलेले), एक लहान मॉनिटर (गाणाऱ्यांना आपला आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर), चार माईक आणि वायरींची एक भली मोठी पिशवी. मी शाळेत सायन्स शिकवते म्हणून सगळं माझ्या ताब्यात दिलंय. काल देवळाच्या चौकात पहिल्यांदा जोडून बघितलं आणि चार ठिकाणी अडले.

आवाज फाटून येतो, मिक्सरवर गेन, म्हणजे आत येणारा आवाज वाढवायचं बटण, कितीही खाली घेतलं तरी फाटतोच, लाल लाईट मात्र एकदाही पेटली नाही. मॉनिटर वाढवला की शिट्टी, आणि बाहेरचा आवाज कमी करायला फेडर (वर खाली सरकणारी दांडी) खाली घेतला की मॉनिटरमधला पण आपोआप कमी होतो. सगळ्यावर एक घर्रर्र आहेच. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे मोबाईलवरून अभंग लावला तर तबला, झांज, मागचा घुमारा सगळं येतं पण गाणाऱ्याचा आवाजच गायब! तोच अभंग हेडफोनवर एकदम स्वच्छ. सप्ताह दहा दिवसांवर आलाय. मला नुसतं हे बटण दाबा ते दाबा असं नको, आतून काय होतंय ते कळलं तर पुढच्या वेळी माझं मी शोधेन.


पेडणेंकार

ताई, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं म्हणून जरा लांबलचक लिहितो. मी पंचवीस वर्षं दशावतार, भजन, जत्रेतली नाटकं यांना साऊंड लावतोय.

आधी कागद घ्या आणि आवाजाची वाट काढा. तोंड, माईक, वायर, मिक्सरच्या चॅनलचा गेन, मग त्याच चॅनलचे बास ट्रेबल, मग फेडर, मग मेन फेडर, मागचा मेन आऊट, परत वायर, स्पीकरचा इनपुट, स्पीकरच्या पाठीवरचा व्हॉल्यूम, आतला अँप आणि शेवटी कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा. आवाज या वाटेने एकाच दिशेने जातो, मधलं ठिकाण सोडून उडी मारत नाही. म्हणून बिघाड शोधताना कधीच सगळी बटणं एकदम फिरवायची नाहीत, आवाज कुठपर्यंत बरा पोचला आणि कुठून बिघडला तेवढं बघायचं. तुमच्या मिक्सरला पीएफएल किंवा सोलो असं बटण असेल, हेडफोन लावून चॅनलचं ते बटण दाबा. तिथे आवाज स्वच्छ असेल तर माईक, त्याची वायर आणि गेन तिन्ही सुटले, भानगड पुढे आहे. तिथेच फाटत असेल तर भानगड मागे. एका बटणाने अर्धी वाट बाद होते.

दुसरी गोष्ट म्हणजे या वाटेवर वीज तीन मापांची असते. माईकमधून निघते ती काही मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग असे थोडेसे. मिक्सरचा गेन तिला वाढवून लाईनच्या मापाला आणतो, प्रोफेशनल सामानात ते माप १.२३ व्होल्टच्या आसपास धरतात. आणि अँप तिला स्पीकरच्या मापाला नेतो, ८ ओहमच्या स्पीकरला २०० वॅट द्यायचे तर ४० व्होल्ट लागतात. जिथे जे माप मागितलंय तिथे तेच द्यायचं. लाईनचं माप माईकच्या भोकात गेलं तर फाटणार, माईकचं लाईनच्या भोकात गेलं तर ऐकूच येणार नाही.

आता तुमच्या स्पीकरच्या पाठी बघा, माईक आणि लाईन असा एक छोटा स्विच आहे का आणि तो कुठे आहे ते सांगा.


वाळवंटीकाठ

दादा, आहे! दोन्ही स्पीकरवर माईककडे आहे. मला वाटलं आपण माईक वापरतोय तर माईकवरच ठेवायचा.


पेडणेंकार

सगळ्यांना तसंच वाटतं. तो स्विच विचारतोय की माझ्या भोकात थेट काय खुपसलंय, माईक की मिक्सर. लहान घरगुती कार्यक्रमाला माईक थेट स्पीकरात लावतात त्याच्यासाठी ती सोय. तुम्ही मिक्सर लावलाय, मिक्सरने आधीच आवाज वाढवून दिलाय, त्यावर स्पीकर परत माईकएवढा गेन मारतोय. म्हणून तुमची लाल लाईट पेटली नाही, मिक्सरमध्ये काही फाटतच नव्हतं. दोन्ही लाईनवर घ्या, पण बदलताना मेन फेडर पूर्ण खाली पाहिजे.

मग गेन नव्याने लावा. मुख्य गाणारीला म्हणावं, हॅलो हॅलो नको, अभंगातली वरची ओळ कार्यक्रमात म्हणशील तशी मोकळ्या गळ्याने म्हण. बायका टेस्टिंगला हळू बोलतात आणि गजराला दुप्पट आवाज लावतात, पुरुषसुद्धा तेच करतात. मीटर शून्याच्या आसपास खेळला पाहिजे, लाल कधीच नाही. फेडर शून्याच्या खुणेवर ठेवायचा, आणि मग स्पीकरच्या पाठीवरचा व्हॉल्यूम चौकाला पुरेल इतका हळूहळू वर. चालू करताना मिक्सर आधी स्पीकर शेवटी, बंद करताना स्पीकर आधी, नाहीतर जो धप्प आवाज येतो तो एखाद दिवशी ट्वीटर (स्पीकरातला बारीक आवाजाचा भाग) घेऊन जाईल.


कोडचो

घर्रर्र साठी सोपा उपाय, मिक्सरच्या प्लगची मोठी अर्थिंगची पिन काढून टाका किंवा दोन पिनचा कन्व्हर्टर लावा, लगेच थांबतं. आमच्या इथे सगळे असंच करतात.


फोंडेकार_वायरमन

कोडचो, भावा, हे लिहिलंस ते कृपा करून मागे घे. मी इलेक्ट्रिशियन आहे, आणि ताई, हे कुण्णी कितीही सांगितलं तरी करू नका. अर्थिंगची पिन असते ती आत कुठे तार सुटून पत्र्याला लागली तर करंट जमिनीत जावा आणि फ्यूज किंवा ब्रेकर उडावा म्हणून. ती काढली तर तोच करंट मिक्सरच्या बॉडीवर, तिथून वायरीच्या जाळीवरून माईकच्या धातूच्या जाळीपर्यंत येऊन थांबतो, आणि तिथे कोण असतं? ओल्या फरशीवर अनवाणी बसलेली गाणारी बाई, ओठ माईकला टेकलेले. श्रावणातलं देऊळ म्हणजे पाऊस, ओले पाय, नारळाचं पाणी. घर्रर्र ऐकून कोणी मरत नाही.

घर्रर्र येते कारण मिक्सर एका सॉकेटवर, स्पीकर लांब दुसऱ्या सॉकेटवर, दोन्हीकडची अर्थ वेगळ्या वाटेने जाते आणि मधली ऑडिओची वायर त्या दोघांना जोडून एक मोठं कडं तयार करते. त्या कड्यात मेन्सची ५० हर्ट्झ आणि तिच्या दुप्पट तिप्पट फिरते, तेच आपण ऐकतो. सगळं सामान एकाच सॉकेटवरून, जाड तारेच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. एवढ्या लहान सिस्टीमला एक १५ अँपियरचं सॉकेट भरपूर झालं. लाईटच्या माळा आणि मखराचं डेकोरेशन वेगळ्या सॉकेटवर. आणि मोबाईल चार्जरला लावून त्यातून गाणं वाजवत असाल तर आधी चार्जर काढून बघा, कितीतरी वेळा घर्रर्र तिथूनच येते.


कोडचो

मागे घेतो. माईकला ओठ लागतात तिथपर्यंत विचार केलाच नव्हता. आमच्या मंडळाच्या दोन वायरी अशाच कापलेल्या आहेत, उद्याच नवीन प्लग बसवून घेतो.


रानमाड

मला त्या गायब गाणाऱ्याबद्दल बोलायचंय, ती या धाग्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. ताई, मोबाईलमधून मिक्सरला जाणाऱ्या वायरीचा मोठा जॅक बघा, त्यावर काळ्या कड्या किती? एक की दोन? आणि ती एकाच भोकात जाते का?


वाळवंटीकाठ

दोन कड्या. हो, एकाच चॅनलच्या लाईनच्या भोकात.


रानमाड

मग कळलं. आधी बॅलन्स्ड वायर म्हणजे काय ते सांगतो. माईकच्या तीन पिनच्या एक्सएलआर वायरीत पिन १ ला जाळी, पिन २ वर आवाज सुलट, पिन ३ ला तोच आवाज उलट. उलट म्हणजे एक तार वर जाते तेव्हा दुसरी खाली. वाटेत ट्यूबलाईटचा, डेकोरेशनच्या वायरीचा जो काही कचरा घुसतो तो दोन्ही तारांवर सारखाच घुसतो. मिक्सर शेवटी काय करतो, दोनमधून तीन वजा करतो. आवाज एकमेकांच्या उलट असल्यामुळे वजा केल्यावर दुप्पट होतो, कचरा सारखा असल्यामुळे वजा होऊन शून्य. म्हणून वीस तीस मीटर लांब माईकची वायर चौकातून खेचली तरी चालते. दोन कड्यांचा मोठा जॅक, ज्याला टीआरएस म्हणतात, तोही मिक्सरच्या लाईनच्या भोकात हेच करतो, टोक सुलट आणि मधली रिंग उलट.

आता मोबाईलचा जॅक. त्यालाही तीन भाग पण अर्थ एकदम वेगळा, टोकावर डावा आवाज, रिंगवर उजवा. दिसायला तीच वायर, भोकात बसतेपण छान. पण मिक्सरला काय माहीत हा स्टिरिओ आहे, तो आपलं काम इमानदारीत करतो, डाव्यातून उजवा वजा करतो. आणि रेकॉर्डिंगमध्ये गाणारा बहुतेक वेळा मधे ठेवलेला असतो, म्हणजे डाव्या उजव्या दोन्हीत अगदी सारखा. सारखं ते शून्य! मिक्सरने तुमच्या गाणाऱ्याला कचरा समजून पुसून टाकला. राहिलं काय तर जे दोन बाजूंना कमीजास्त आहे ते, एका बाजूची झांज, दुसऱ्या बाजूचा तबला आणि घुमारा.

पटत नसेल तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत मोनो ऑडिओ असतं ते चालू करून बघा, काय होतं ते मला सांगा.


वाळवंटीकाठ

बाप रे!! सगळंच गप्प झालं. तबलापण नाही, झांज पण नाही, कान लावला तर अगदी बारीक काहीतरी. म्हणजे मोनो केल्यावर डावा उजवा पूर्ण सारखे झाले आणि सगळं वजा झालं, बरोबर ना? उद्या नववीच्या वर्गाला तरंगांचा धडा आहे, मी मिक्सर वर्गात घेऊन जाणार.


रानमाड

एकदम बरोबर. उपाय साधा आहे, एका टोकाला मोबाईलचा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला एकेक कडीचे दोन मोठे जॅक अशी वायर मिळते, ती दोन चॅनलना किंवा मिक्सरच्या स्टिरिओ चॅनलच्या दोन भोकांत लावा. दोन्ही वायरी एकत्र पिळून एका जॅकला डाग देऊ नका, त्यात मोबाईलचे दोन आऊटपुट एकमेकांच्या अंगावर जातात. एकाच भोकात द्यायचंच असेल तर प्रत्येक तारेत एक किलोओहमच्या आसपासचा रेझिस्टर घालून मग जोडतात. आणि मोबाईल एक्सएलआरच्या भोकात लावायच्या वायरी मिळतात त्यापासून लांब राहा. लहान मिक्सरवर फँटमचं, म्हणजे माईकला वायरीतूनच वीज पुरवायचं, बटण बहुतेक वेळा सगळ्या माईकना मिळून एकच असतं, कोणी कंडेन्सर माईकसाठी ते दाबलं की ४८ व्होल्ट तुमच्या मोबाईलच्या दिशेने निघाले. तुमच्या साध्या डायनॅमिक माईकला त्याने काही होत नाही कारण २ आणि ३ दोन्ही पिनवर सारखेच व्होल्ट येतात, मधल्या कॉईलमधून काही वाहातच नाही. मोबाईल तसा बांधलेला नाही.


पेडणेंकार

रानमाडने छान सांगितलं. आता मॉनिटर. चॅनलवर ऑक्स असं एक बटण असतं, आवाजाची वाट तिथे फुटते, एक फाटा मेनला आणि एक मॉनिटरला. प्रश्न फक्त एवढाच की फाटा फेडरच्या आधी फुटतो की नंतर. आधी म्हणजे प्री, नंतर म्हणजे पोस्ट. तुमचा पोस्टवर आहे, म्हणून फेडर खाली घेतला की मॉनिटर पण खाली येतो. मॉनिटरला नेहमी प्री, एको किंवा रिव्हर्बला पोस्ट. काही मिक्सरवर प्री पोस्टचा स्विच असतो, काहींवर ऑक्स १ प्री आणि ऑक्स २ पोस्ट असं ठरलेलंच असतं, मग वायर हलवायची. गाणारीला आपला आवाज कसा हवा आणि लोकांना कसा हवा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एका बटणाला बांधले की दोघंही नाराज.

शिट्टीचं कारणही वाटच आहे. मॉनिटरमधून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरतो, परत मिक्सर, परत मॉनिटर, गोल झाला. तो गोल तोडायचा तर माईकची पाठ कुठे आहे ते माहीत पाहिजे. कार्डिओइड जातीचा माईक बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर त्याच्या शेपटीच्या रेषेत ठेवा. सुपरकार्डिओइड मागून थोडं ऐकतो आणि मागच्या दोन बाजूंना, साधारण १२५ अंशांवर बहिरा असतो, त्याला मॉनिटर तिरका. कोणी माईकची जाळी मुठीत धरून गात असेल तर हे सगळं फुकट, मुठीने मागची भोकं बंद होतात आणि माईक चारी बाजूंनी ऐकायला लागतो. मोठे दोन स्पीकर माईकच्या पुढे, लोकांच्या बाजूला, तुम्ही त्यांच्या मागे.

आणि चारही माईक उघडे ठेवून बसू नका. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी लागायच्या आधी मिळणारा आवाज ३ डीबीने (डेसिबल, आवाज मोजायचं माप) कमी होतो. उलट गाणारी वीतभरावरून अर्ध्या वितीवर आली की साधारण ६ डीबी फुकट मिळतात. निवेदनाचा माईक निवेदन झालं की बंद.


घुमटार

मधे घुसतो, माफ करा. आमच्या वाड्यावर चवथीला आरती स्पर्धेसाठी हीच तयारी चाललीय. घुमटाला, म्हणजे आमच्या मातीच्या मडक्याच्या चामडं ताणलेल्या वाद्याला, माईक कसा लावायचा? आम्ही दोन लावतो, एक चामड्यासमोर एक मागच्या लहान तोंडापाशी, तरी आवाज पोकळ येतो, एक बंद केला तर उलट भरीव येतो. आणि दुसरं, देवळात जुना अँप आहे, मागे ४, ८, १६ ओहम आणि १०० व्होल्ट असे स्क्रू आहेत आणि त्यावर चार भोंगे. त्याच्यावर आमचे स्पीकर जोडले तर चालतील का?


रानमाड

घुमटाचं उत्तर वरच्या गाणाऱ्यातच आहे. थाप मारली की चामडं आत जातं, समोरच्या माईकला हवा ओढल्यासारखी वाटते आणि त्याच क्षणी मागच्या तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते. दोन माईक एकमेकांच्या उलट ऐकतात, मिक्सरमध्ये बेरीज झाली की खालचा भरीव सूर कटतो. मागच्या चॅनलवर फेजचं बटण असेल, शून्यावर तिरकी रेघ असं चिन्ह, ते दाबा. लहान मिक्सरवर नसतं, मग एक छोटी वायर करून घ्या जिच्यात एका टोकाला २ आणि ३ नंबरची पिन अदलाबदल केलेली आहे, आणि तिच्यावर लाल टेप गुंडाळा म्हणजे चुकून दुसरीकडे जाणार नाही.

पण खरं सांगू, एका घुमटाला एकच माईक बरा. चामड्यापासून वीतभर, थोडा तिरका. डाव्या हाताने मागचं तोंड झाकत उघडत जो गुमकार निघतो तो तिथूनही पुरेसा येतो. शामेळाच्या (काठ्यांनी वाजवायच्या तालवाद्याच्या) आणि गाणाऱ्यांच्या चॅनलवर लो कट, म्हणजे खालचे जाड सूर कापायचं बटण, दाबा, घुमटाच्या नको. कासाळ्याला (मोठ्या झांजांना) माईक लावायचीच गरज नाही, तो बाकीच्या सगळ्या माईकमध्ये आपणहून येतो. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य जाहीर झालं, गार, म्हणजे घोरपड, मारून कातडं काढायचं तर केव्हाच बंद, आता बकऱ्याचं चामडं लागतं, पावसात ते ढिलं पडतं. तेव्हा साऊंड चेक घुमट तापवून झाल्यावर करा, आधी नको.


फोंडेकार_वायरमन

जुन्या अँपचं मी सांगतो. भोंग्यांच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला १०० व्होल्टची लाईन लागते. १५ वॅटवर लावलेले चार भोंगे म्हणजे ६० वॅट, अँप १२० चा असेल तर बिनधास्त, तिथे फक्त वॅटची बेरीज बघायची. त्याच स्क्रूवर ८ ओहमचा साधा स्पीकर लावला तर हिशोबाने १२५० वॅट ओढायला बघेल, एकतर स्पीकर जळेल नाहीतर अँप. साधे स्पीकर ओहमच्या स्क्रूवर, आणि तिथे आकडा जुळवायचा. ८ चे दोन समांतर जोडले की ४, तीन जोडले की २.६७, आणि तिथे चारच्या खालचा स्क्रूच नाही. भोंगे आणि स्पीकर एकाच वेळी दोन्हीकडे जोडू नका. पॉवर्ड स्पीकर असतील तर या स्क्रूंच्या जवळपास पण नाही, त्यांना अँपच्या मागचा लाईन आऊट असेल तर तो द्या.


वाळवंटीकाठ

मंडळी, सप्ताह काल रात्री उतरला. आवाज फाटला नाही, घर्रर्र जवळजवळ नाहीच, सगळं एका बोर्डवर होतं. कागदावर काढलेली वाट मी प्लास्टिकमध्ये घालून मिक्सरच्या झाकणाला आतून चिकटवली. दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली नाही तर कसोटीच झाली, अभंग चालू असताना उजवा स्पीकर गप्प. पूर्वी मी घाबरून सगळं बंद केलं असतं. मेन आऊटच्या मीटरवर दोन्ही बाजू हलत होत्या म्हणजे मिक्सरपर्यंत ठीक, मग डाव्या उजव्या वायरी मिक्सरच्या बाजूने अदलाबदल केल्या, तरी उजवाच गप्प, म्हणजे वायर किंवा स्पीकर. डाव्या स्पीकरच्या मागच्या लिंकमधून (तोच आवाज पुढे देणाऱ्या भोकातून) दुसरी वायर उजव्याला दिली आणि आला! सगळं मिळून दोन मिनिटं, पखवाज थांबला नाही. सकाळी वायर उघडून बघितली तर एक्सएलआरच्या आत पिन २ चा डाग सुटलेला. दहा वाजायच्या आत भैरवी झाली, तिथे मात्र आमच्या आजी मंडळींना आवरावं लागलं.

देव बरें करूं सगळ्यांचं. आता एकच विचारते, सामान पुढच्या कार्यक्रमापर्यंत दोन महिने पडून राहाणार, या हवेत कसं ठेवू?


पेडणेंकार

ताई, हे वाचून आज दुपारचं जेवण गोड लागलं. दोन मिनिटांत वाट शोधलीत.

वायरी आधी कोरड्या फडक्याने पुसा, कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळते, एक वेटोळं सुलट एक उलट असं घ्या आणि सुतळीने सैल बांधा. खारी हवा आधी जॅक आणि पिना काळ्या करते, कॉन्टॅक्ट क्लीनर थोडा मारून चार पाच वेळा आत बाहेर करा. मिक्सर झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, जमिनीवर नको आणि भिंतीला टेकवून पण नको. पंधरा दिवसांतून एकदा सगळं जोडून तासभर चालू ठेवा, आतली ऊब ओल घालवते. आणि तो सुटलेला डाग स्वतः द्या, कुणाकडे देऊ नका. टोक आधी तापवा, मग शिसं लावा, थंड होईपर्यंत हलवू नका. पिन २ ला कुठल्या रंगाची तार होती ते दुसऱ्या टोकाकडे बघून घ्या.